अमेरिकेतील ‘डी.ओ.’ प्रवेश आणि कर्जाची नवी मर्यादा

अमेरिकेत यंदाच्या उन्हाळ्यात वैद्यकीय शिक्षणाला प्रारंभ करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर त्यांच्या आधीच्या तुकड्यांना न पडलेला एक प्रश्न उभा आहे. १ जुलै २०२६पासून तेथील केंद्र सरकारची ‘ग्रॅड प्लस’ ही शैक्षणिक कर्जयोजना नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद होत आहे. शिक्षणाचा आणि राहण्याखाण्याचा जेवढा खर्च महाविद्यालय दाखवील, तेवढे कर्ज या योजनेतून उचलता येत असे. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी केलेल्या ‘वन बिग ब्यूटिफुल बिल’ कायद्याने ही सोय मोडीत काढली. वैद्यकासारख्या व्यावसायिक पदव्यांसाठी केंद्रीय कर्ज आता वर्षाला कमाल ५० हजार डॉलर आणि एकूण २ लाख डॉलर एवढेच मिळेल. आजच्या दराने ही रक्कम पावणेदोन कोटी रुपयांहून अधिक होते. आपल्याकडे हा आकडा डोळे विस्फारणारा वाटला, तरी तेथील वैद्यकीय शिक्षणाला तो पुरत नाही.

या बदलाची झळ ऑस्टिओपॅथिक वैद्यकीय महाविद्यालयांना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना विशेष बसणार आहे. ही महाविद्यालये बहुतांशी खासगी आहेत. त्यांच्याकडे जुन्या विद्यापीठांसारखे मोठे देणगीनिधी नाहीत आणि त्यांचा डोलारा प्रामुख्याने विद्यार्थ्यांच्या शुल्कावर उभा आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या गोमंतकीय आणि एकूणच मराठी कुटुंबांतील मुलांच्या अर्जांत ‘एम.डी.’बरोबर ‘डी.ओ.’ महाविद्यालयांचीही नावे असतात. अशा मुलाच्या हाती दोन-तीन महाविद्यालयांची प्रवेशपत्रे पडली, की घरातील चर्चा बहुधा कोणत्या महाविद्यालयाचे नाव मोठे या मुद्द्याभोवती फिरते. नव्या कर्जनियमांमुळे हा क्रम बदलणे भाग आहे.

एका शब्दाचे तीन अर्थ

‘ऑस्टिओपॅथ’ हा शब्द देशागणिक अर्थ बदलतो आणि गोव्यात तो गोंधळ अधिक होण्यास कारण आहे. पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे ब्रिटन आणि पोर्तुगालमध्ये गेलेली असंख्य गोमंतकीय कुटुंबे आहेत. ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ हा १९९३च्या स्वतंत्र कायद्याखाली नोंदणी झालेला, सांधे आणि स्नायूंवर हाताने उपचार करणारा व्यावसायिक असतो. तो वैद्यकीय डॉक्टर नसतो. पोर्तुगालमध्येही २०१३च्या कायद्याने ऑस्टिओपॅथीला अपारंपरिक उपचारपद्धतींमध्ये स्थान दिले आहे. अमेरिकेत मात्र ‘डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन’ म्हणजे डी.ओ. हा परिपूर्ण डॉक्टर असतो. औषधे लिहून देणे, शस्त्रक्रिया करणे, कोणत्याही शाखेत विशेषज्ञ होणे हे सर्व अधिकार त्याला पन्नासही राज्यांत आहेत. डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतील डॉ. शॉन कॉनली, जो बायडेन यांचे डॉ. केव्हिन ओकॉनर आणि विद्यमान डॉ. शॉन बार्बाबेला हे व्हाइट हाउसचे तिन्ही वैद्य डी.ओ. आहेत.

दुसरा गोंधळ ‘एम.डी.’ या अक्षरांचा. भारतात एम.डी. ही एमबीबीएसनंतरची पदव्युत्तर पदवी आहे. अमेरिकेत ती वैद्यकाची पहिली पदवी आहे. एम.डी. आणि डी.ओ. हे तेथे एकाच मुक्कामाला पोहोचणारे दोन समांतर मार्ग आहेत. दोन्हींसाठी आधी चार वर्षांची पदवी, ‘एमकॅट’ ही प्रवेशपरीक्षा, मग चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण आणि त्यानंतर रुग्णालयातील ‘रेसिडेन्सी’ हे टप्पे सारखेच आहेत. डी.ओ. विद्यार्थ्याला त्याखेरीज स्नायू, सांधे आणि हाडे यांची हाताने तपासणी व उपचार करण्याचे सुमारे दोनशे तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. बारावीनंतर ‘नीट’ देणाऱ्या येथील विद्यार्थ्यासाठी हा मार्ग नाही आणि एमबीबीएस होऊन अमेरिकेत जाणाऱ्यासाठीही नाही. तेथेच वाढलेल्या आणि शिकलेल्या मुलांचा हा मार्ग आहे.

प्रतिष्ठेचा जुना प्रश्न

डी.ओ. म्हणजे दुय्यम, ही समजूत मुळात निराधार नव्हती. तिच्यामागे इतिहास आहे. अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरने तत्कालीन औषधोपचारांवर अविश्वास दाखवीत १८७४मध्ये ऑस्टिओपॅथीची कल्पना मांडली आणि १८९२मध्ये मिझुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे पहिले महाविद्यालय काढले. पुढची अनेक दशके प्रस्थापित वैद्यकाने या पंथाला दाराबाहेर ठेवले. १९६२मध्ये कॅलिफोर्नियाने नव्या डी.ओ. डॉक्टरांना परवाने देणेच थांबवले आणि तेथील सुमारे दोन हजार डॉक्टरांना ६५ डॉलर शुल्क घेऊन एम.डी. ही पदवी बहाल केली. हातात पदवी तीच, ज्ञान तेच, केवळ अक्षरे बदलली. १९७४मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी उठवली.

आजचे चित्र वेगळे आहे. १९६९मध्ये स्थापन झालेल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या महाविद्यालयाने सरकारी विद्यापीठांचे दार उघडले. अमेरिकेतील वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी पाव हिश्शाहून अधिक विद्यार्थी आज डी.ओ. महाविद्यालयांत शिकतात आणि अशा महाविद्यालयांची संख्या चाळिशीपलीकडे गेली आहे. २०२०पासून एम.डी. आणि डी.ओ. यांच्यासाठी रेसिडेन्सीची मान्यताव्यवस्था एकच झाली. देशभरातील जागांचे वाटप करणाऱ्या ‘मॅच’ प्रक्रियेत २०२५ साली अमेरिकेतील एम.डी. महाविद्यालयांच्या अंतिम वर्षाच्या ९३.५ टक्के विद्यार्थ्यांना, तर डी.ओ.च्या ९२.६ टक्के विद्यार्थ्यांना जागा मिळाली. परदेशांत, प्रामुख्याने कॅरिबियन बेटांवरील महाविद्यालयांत शिकून आलेल्या अमेरिकी नागरिकांत हे प्रमाण ६८ टक्क्यांच्या आसपास होते. ‘डी.ओ. नको, त्यापेक्षा कॅरिबियनमध्ये एम.डी. कर’ हा सल्ला आजही काही घरांतून दिला जातो; तो किती महागात पडू शकतो, हे या दोन आकड्यांतील अंतर सांगते.

भेद पूर्णपणे पुसला गेला आहे, असे मात्र नव्हे. त्वचारोग, प्लास्टिक सर्जरी, मेंदूची शस्त्रक्रिया यांसारख्या चुरशीच्या शाखांत डी.ओ. विद्यार्थ्याची वाट आजही अधिक बिकट आहे. डी.ओ.साठीची परवानापरीक्षा ‘कॉमलेक्स’ असली, तरी अनेक रेसिडेन्सी विभागांना एम.डी. विद्यार्थ्यांच्या ‘यूएसएमएलई’चे गुणच ओळखीचे वाटतात. परिणामी बरेच डी.ओ. विद्यार्थी दोन्ही परीक्षा देतात. दुहेरी अभ्यास आणि प्रत्येक टप्प्याला शेकडो डॉलरचे दुहेरी शुल्क, असा हा भार असतो. २०२२पासून दोन्ही परीक्षांचा पहिला टप्पा केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा झाल्याने दुसऱ्या टप्प्यातील गुणांचे वजन वाढले आहे. महाविद्यालय निवडताना या दुसऱ्या परीक्षेसाठी अभ्यासाला मोकळे आठवडे मिळतात का, एवढे विचारणे म्हणूनच गरजेचे ठरते.

दोन लाखांपलीकडचे कर्ज

पदवीची प्रतिष्ठा सर्व डी.ओ. महाविद्यालयांत सारखीच. पदवीवर महाविद्यालयाचे नाव असते, पण दवाखान्याच्या पाटीवर ते कोणी लिहीत नाही. महाविद्यालयांमधील खरा फरक खर्चात आहे आणि तो थक्क करणारा आहे.

टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथील ‘टेक्सास कॉलेज ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन’ हे सरकारी महाविद्यालय. राज्यातील रहिवाशाला तेथे इतर शुल्कांसह वर्षाला साधारण वीस हजार डॉलर भरावे लागतात. राहण्याखाण्याचे तीस हजार धरले, तर वर्षाचा खर्च नव्या मर्यादेच्या आसपास बसतो. पेनसिल्व्हेनियातील एरी येथे १९९२मध्ये स्थापन झालेले ‘लेकॉम’ हे खासगी असूनही तुलनेने स्वस्त मानले जाते; तेथील शिक्षणशुल्क चाळीस हजारांच्या घरात आहे. अन्य बहुसंख्य खासगी महाविद्यालयांत केवळ शुल्कच ५५ ते ६५ हजारांच्या दरम्यान जाते आणि सर्व मिळून वर्षाचा खर्च नव्वद हजारांना भिडतो. चार वर्षांचा ढोबळ हिशेब मांडला, तर पहिल्या ठिकाणी दोन लाखांत भागते, दुसऱ्या ठिकाणी सत्तर-ऐंशी हजार डॉलर कमी पडतात आणि तिसऱ्या प्रकारच्या महाविद्यालयात ही तूट एक लाख साठ हजारांपर्यंत पोहोचते.

ही तूट घरच्या पैशाने भरून निघणार नसेल, तर खासगी बँकेच्या दारात जावे लागेल. येथे केवळ रकमेचा प्रश्न नसून कर्जाच्या जातीचा आहे. केंद्रीय कर्जाचा हप्ता उत्पन्नाच्या प्रमाणात बांधून घेता येतो. ना-नफा किंवा सरकारी रुग्णालयात काम करीत १२० मासिक हप्ते भरले, की उरलेले केंद्रीय कर्ज माफ करणारी योजना अद्याप अस्तित्वात आहे आणि अशा रुग्णालयातील रेसिडेन्सीची वर्षेही त्यात धरली जातात. खासगी कर्जाला यांतले काहीच लागू नाही. त्याला बहुधा जामीनदार लागतो. म्हणजे मुलाच्या कर्जाखाली आईवडिलांची सही येते. १ लाख ६० हजार डॉलरवर आठ टक्के व्याज धरले, तरी वर्षाचे केवळ व्याज १२ हजार ८०० डॉलर होते. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंट डॉक्टरचे वार्षिक वेतन करकपातीपूर्वी साठ ते सत्तर हजार डॉलर असते, हे लक्षात घेतले म्हणजे ओझ्याचा अंदाज येतो.

या मर्यादेत आणखी एक पेच दडलेला आहे. वर्षाला पन्नास हजार याप्रमाणे चार वर्षांत दोन लाख पूर्ण होतात. एखादे वर्ष पुन्हा करावे लागले, परीक्षेतील अपयशाने किंवा आजारपणाने शिक्षण पाच वर्षांवर गेले, तर पूर्ण कर्ज उचललेल्या विद्यार्थ्यासाठी पाचव्या वर्षी केंद्राची तिजोरी बंद असेल. म्हणून ज्या महाविद्यालयात विद्यार्थी मागे पडण्याचे प्रमाण जास्त, ते आता पूर्वीपेक्षा अधिक धोक्याचे झाले आहे.

सरकारी डी.ओ. महाविद्यालये मोजकीच आहेत. मिशिगन, ओहायो, ओक्लाहोमा, वेस्ट व्हर्जिनिया, न्यू जर्सी आणि टेक्सास ही त्यांची प्रमुख राज्ये. त्यांतील जागा प्राधान्याने राज्यातील रहिवाशांना जातात. टेक्सासमध्ये तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील नव्वद टक्के जागा रहिवाशांसाठी राखून ठेवण्याचा दंडक आहे. अशा राज्यात राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती आपल्या राज्यातील सरकारी महाविद्यालयाचे प्रवेशपत्र असेल, तर ते नाकारण्यासाठी फार भक्कम कारण हवे.

तिसरे आणि चौथे वर्ष कोठे?

खर्चानंतरचा दुसरा निकष रुग्णालयाचा. गोव्यात वैद्यकीय शिक्षण म्हणजे बांबोळीचे गोमेकॉ, हे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या रुजले आहे. तेथील विद्यार्थ्याला वर्ग आणि वॉर्ड यांतील अंतर काही पावलांचे असते. महाविद्यालय म्हटले की त्याला जोडून मोठे रुग्णालय असणारच, असे आपण गृहीत धरतो. अनेक डी.ओ. महाविद्यालयांच्या बाबतीत हे गृहीतक चुकते. त्यांच्याकडे स्वतःचे शिक्षण रुग्णालय नसते. पहिली दोन वर्षे वर्गातील शिक्षण झाले, की विद्यार्थ्यांना करारबद्ध असलेल्या छोट्या-मोठ्या रुग्णालयांत पाठवले जाते आणि ती रुग्णालये शेकडो मैल दूर, कधी दुसऱ्या राज्यातही असतात. कोणाला कोठे पाठवायचे, हे काही ठिकाणी चिठ्ठ्या टाकून ठरते.

ही पद्धत सरसकट वाईट म्हणता येणार नाही. ॲरिझोनातील मेसा येथील ए. टी. स्टिल विद्यापीठाच्या महाविद्यालयाची ओळखच विद्यार्थ्यांना देशभरातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत पाठवून शिकवण्याची आहे. २०२०मध्ये ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाने चेरोकी नेशन या मूलनिवासी राष्ट्राच्या भूमीवर टाहलक्वा येथे महाविद्यालय सुरू केले. ज्या समाजाला डॉक्टर मिळत नाहीत, त्याच्याच परिसरात डॉक्टर घडवावेत, हा त्यामागचा विचार. डी.ओ. डॉक्टरांपैकी निम्म्याहून अधिक जण कुटुंबवैद्यक, बालरोग, सामान्य वैद्यक यांसारख्या प्राथमिक सेवेत आहेत. छोट्या रुग्णालयात विद्यार्थ्याला थेट अनुभवी डॉक्टरच्या हाताखाली काम करायला मिळते, गर्दीत मागे उभे राहावे लागत नाही, हा लाभही खरा आहे. त्याची दुसरी बाजू अशी, की ज्या रुग्णालयात रेसिडेंट डॉक्टरच नाहीत, तेथे शिकलेल्या विद्यार्थ्याला रेसिडेन्सीचे वातावरण पाहायला मिळत नाही आणि शिफारसपत्र देणारे विभागप्रमुखही भेटत नाहीत.

ओहायो विद्यापीठाच्या हेरिटेज महाविद्यालयाने डब्लिन आणि क्लीव्हलँड येथील शाखांसाठी ओहायोहेल्थ व क्लीव्हलँड क्लिनिक या मोठ्या रुग्णालयसंस्थांशी हातमिळवणी केली आहे. न्यू जर्सीतील सरकारी महाविद्यालयाच्या ‘रोवन-व्हर्चुआ’ या नावातच रुग्णालयसमूहाचे नाव जोडलेले आहे. प्रवेश घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने तिसऱ्या वर्षाच्या रुग्णालयांची यादी मागवावी, त्यांतील किती ठिकाणी रेसिडेन्सी चालते ते पाहावे आणि मुक्काम हलवण्याचा खर्च कोणाच्या खिशातून जाईल हे विचारावे. कर्जाला मर्यादा आली असताना दोन वर्षांत तीन वेळा घर बदलण्याचा खर्चही हिशेबात धरावा लागतो.

टक्केवारी वाचताना

महाविद्यालये आपल्या संकेतस्थळांवर ‘९९ टक्के विद्यार्थ्यांना रेसिडेन्सी’ असे ठळकपणे छापतात. राष्ट्रीय आकडा ९२.६ असताना हे कसे? दोन्ही आकडे खरे असू शकतात. मॅचच्या मुख्य फेरीत जागा न मिळालेले विद्यार्थी उरलेल्या जागांसाठी पुन्हा धडपडतात; तेथे मिळालेली, कधी केवळ एका वर्षाची तात्पुरती जागाही महाविद्यालयाच्या टक्केवारीत जमा होते. शिवाय ही टक्केवारी शेवटच्या वर्षापर्यंत पोहोचलेल्यांची असते. पहिल्या वर्षी दीडशे जण दाखल झाले आणि त्यांतले पंधरा वाटेत गळाले किंवा मागे राहिले, तर त्या पंधरांचा हिशेब या आकड्यात दिसत नाही. म्हणून विचारायचे ते असे : दाखल झालेल्यांपैकी चार वर्षांत पदवीधर किती झाले? कॉमलेक्सचा पहिला टप्पा पहिल्याच प्रयत्नात किती जण उत्तीर्ण झाले? परीक्षांच्या निकालांचे आणि रेसिडेन्सीचे आकडे प्रसिद्ध करणे मान्यता देणाऱ्या आयोगाने बंधनकारक केले आहे. ते शोधून वाचण्याचे कष्ट घ्यायला हवेत.

गेल्या काही वर्षांत नव्या डी.ओ. महाविद्यालयांची आणि शाखांची रीघ लागली आहे. भारतीय वंशाचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. किरण पटेल यांच्या देणगीमुळे फ्लोरिडातील नोव्हा साउथईस्टर्न विद्यापीठाच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव मिळाले आणि पटेल दाम्पत्याच्याच पुढाकाराने ऑर्लँडोजवळ २०२४मध्ये आणखी एक महाविद्यालय सुरू झाले. नवे महाविद्यालय उत्तम असू शकते. परंतु पहिली तुकडी बाहेर पडेपर्यंत त्याला पूर्ण मान्यता नसते आणि परीक्षांचा व रेसिडेन्सीचा इतिहासही नसतो. इमारत नवी कोरी असली, तरी पहिल्या तुकडीचा विद्यार्थी स्वतःच्या कारकिर्दीवर तिची परीक्षा घेत असतो. जुने आणि नवे यांचा खर्च सारखाच असेल, तर जुन्याकडे झुकणे शहाणपणाचे.

व्हिसावर वाढलेली मुले

मराठी कुटुंबांपैकी एका गटासाठी हा सारा हिशेब मुळातच वेगळा आहे. एच-१बी व्हिसावर गेलेल्या आईवडिलांची, एच-४ व्हिसावर तेथे वाढलेली मुले ग्रीन कार्डाच्या रांगेत असतानाच एकविशी गाठतात आणि त्यांचा आश्रित दर्जा संपतो. नागरिकत्व वा ग्रीन कार्ड नसलेल्यांना केंद्रीय कर्ज मिळत नाही, ते पूर्वीही मिळत नव्हते. बरीच डी.ओ. महाविद्यालये अशा विद्यार्थ्यांचा अर्जच विचारात घेत नाहीत. घेतात त्यांपैकी काही जण एक किंवा अधिक वर्षांचे शुल्क आगाऊ जमा करण्याची अट घालतात. लष्कराची वा ग्रामीण सेवेच्या बदल्यात मिळणारी सरकारी शिष्यवृत्तीही नागरिकांपुरतीच आहे. अशा कुटुंबांनी अर्ज भरण्यापूर्वीच प्रत्येक महाविद्यालयाचे नागरिकत्वविषयक धोरण लेखी विचारून घ्यावे. मुलाखतीनंतर हा अडसर कळला, तर अर्जशुल्क आणि वर्ष दोन्ही वाया जाते.

मर्यादेचे समर्थक म्हणतात, की सरकार हवे तेवढे कर्ज देत राहिल्याने महाविद्यालयांना शुल्क वाढवण्याचे फावले. आता त्यांना खर्च आवरावा लागेल. या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु महाविद्यालयांनी शुल्क उतरवायचे ठरवले, तरी त्यास काही वर्षे लागतील आणि तोवर प्रवेश घेणाऱ्या तुकड्या आजच्या दरानेच पैसे भरतील. खासगी कर्जाच्या ओझ्याखालील डॉक्टर कमी उत्पन्नाच्या ग्रामीण दवाखान्याकडे वळण्याऐवजी अधिक पैशाच्या शाखेकडे आणि शहराकडे वळणार, ही भीती अनाठायी नाही. ज्या प्राथमिक सेवेसाठी ऑस्टिओपॅथिक महाविद्यालये स्वतःला वाहून घेतल्याचे सांगतात, तिलाच त्याचा फटका बसेल.

अर्जदाराला धोरण बदलता येत नाही. निवड मात्र त्याच्या हाती असते. प्रवेश पक्का करण्यासाठी भरायची, बहुधा परत न मिळणारी रक्कम देण्यापूर्वी घरातील सर्वांनी कागद पुढ्यात घेऊन चार वर्षांचा पूर्ण खर्च, त्यातील केंद्रीय कर्जाचा वाटा आणि उरलेली तूट मांडावी. मग तिसऱ्या वर्षाचे रुग्णालय आणि दाखल झालेल्यांपैकी पदवीपर्यंत पोहोचलेल्यांची संख्या तपासावी. या दोन्ही बाबतींत दोन महाविद्यालये सारखी उतरली, तर स्वस्त ते निवडावे. येथील काका-मावशींनी फोनवर ‘कॉलेजचे नाव काय?’ असे विचारण्याआधी ‘कर्ज किती आणि सही कोणाची?’ एवढे विचारले, तरी त्या मुलाला मोठी मदत होईल.